मायराचा निकोलस

द्वितीय वर्ष कला

डिसेंबर उजाडला की आमच्या फर्दापूरच्या टी पॉइंटवर पर्यटकांच्या गाड्यांची रांग लागते. लेणी पाहायला आलेल्या माणसांना रंगीत दगड, स्फटिक, माळा, पोस्टकार्डे विकणे हा इथल्या कित्येक घरांचा धंदा आहे. गेल्या काही वर्षांत या मालात आणखी एका जिनसाची भर पडली आहे. ती म्हणजे पांढऱ्या गोंड्याची लाल टोपी. ती विकणाऱ्या मुलांपैकी कोणाच्या घरी नाताळ होत असेल असे मला वाटत नाही. एका मुलाला मी सहज विचारले, ही टोपी कोणाची? नाताळबाबाची, असे तो म्हणाला. हा नाताळबाबा कोण, कुठला, मुलांना भेटी का वाटतो, हे मात्र त्याला सांगता आले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही ठाऊक नव्हते. ग्रंथालयात शोधू लागले तेव्हा त्या टोपीखालून जो माणूस निघाला तो बर्फाच्या देशातला नव्हता, लठ्ठ नव्हता, आणि त्याच्या गोष्टीचा आरंभ खेळण्यांनी होत नाही. तो होतो हुंड्याने. म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर, भूमध्य समुद्राकाठी, लिशिया नावाचा एक प्रांत होता. राज्य रोमन बादशहाचे, पण लोकांची भाषा ग्रीक. या प्रांतातील पतारा नावाच्या बंदरात इसवी सन २७० च्या सुमारास निकोलसचा जन्म झाला असे परंपरा मानते. आईवडील सधन होते आणि ख्रिस्ती होते. ख्रिस्ती असणे त्या काळी जोखमीचे होते, हे इथे लक्षात ठेवले पाहिजे. निकोलस लहान असतानाच साथीच्या रोगात आईबाप दोघेही गेले आणि मोठी इस्टेट पोरक्या मुलाच्या हाती आली. पुढे तो पताऱ्यापासून फार दूर नसलेल्या मायरा या गावाचा बिशप झाला. मायराचे आजचे नाव देमरे.

त्याची निवड कशी झाली याचीही एक कथा आहे. जुना बिशप वारला होता आणि नवा कोण, यावर एकमत होईना. तेव्हा जमलेल्या धर्मगुरूंपैकी एकाला दृष्टांत झाला की, उद्या पहाटे जो पहिला माणूस प्रार्थनामंदिराचा उंबरा ओलांडील तोच बिशप. आणि पहाटे आत आला तो निकोलस. आपल्याकडे हत्तिणीने माळ घातली की राजा ठरतो, तसाच हा प्रकार.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकते. निकोलसने स्वतः लिहिलेली एक ओळही शिल्लक नाही. त्याच्या हयातीतील कोणी त्याच्याविषयी लिहिलेलेही आज उपलब्ध नाही. त्याच्यावरचे जुन्यात जुने लिखाण त्याच्यानंतर सुमारे दोनशे वर्षांचे असावे असे मानतात, आणि त्यातही एकच प्रसंग आहे. सविस्तर चरित्र नवव्या शतकात मायकेल नावाच्या एका ग्रीक मठाधिपतीने लिहिले. शिवाय त्याच प्रांतात सहाव्या शतकात दुसरा एक निकोलस होऊन गेला. तोही बिशप, तोही साधुपुरुष. चरित्रकारांनी दोघांच्या गोष्टींची सरमिसळ केली. म्हणून काही विद्वान निकोलसची प्रत्येक गोष्ट संशयाने पाहतात.

मला यात फारसे नवल वाटले नाही. महिपतीबोवांनी भक्तविजय लिहिला तो १७६२ साली. त्यातले ज्ञानेश्वर आणि नामदेव त्यांच्या आधी साडेचारशे वर्षे होऊन गेलेले. भिंत चालली की नाही हा प्रश्न एका बाजूला ठेवला तरी, लोकांनी कोणाविषयी कोणत्या गोष्टी जपून ठेवल्या यावरूनही त्या माणसाचा काही अंदाज येतोच. निकोलसविषयी लोकांनी सर्वांत जास्त जपलेली गोष्ट तीन मुलींची आहे.

गावात एक गृहस्थ होता. एके काळी चांगला खाऊनपिऊन सुखी, पण पुढे बुडाला. घरात लग्नाच्या वयाच्या तीन मुली. त्या समाजात वधूपित्याने हुंडा दिल्याशिवाय बरे स्थळ मिळत नसे, आणि याच्याकडे तर दोन वेळच्या जेवणाची भ्रांत. नातेवाइकांनी पाठ फिरवली. शेवटी त्या बापाच्या मनात आले की मुलींना देहविक्रयाला लावावे. चरित्रकार हे काही आडपडदा न ठेवता सांगतो. लहान मुलांच्या रंगीत पुस्तकांतून मात्र हा भाग गाळलेला असतो. तिथे मुली नुसत्या गरीब असतात.

निकोलसच्या कानावर ही गोष्ट गेली. तेव्हा तो बिशप झालेला नव्हता, नुकताच वारसा हाती आलेला तरुण होता. तो उजळमाथ्याने त्या घरी गेला नाही. दिवसा जाऊन मदत दिली असती तर त्या बापाची होती नव्हती ती अब्रूही गेली असती. रात्री सगळीकडे निजानीज झाल्यावर तो गेला, सोन्याच्या नाण्यांची एक थैली उघड्या खिडकीतून आत टाकली आणि निघून आला. सकाळी बापाला थैली सापडली. त्याने थोरलीचे लग्न लावून दिले. हे पाहून निकोलसने दुसऱ्यांदा रात्री जाऊन दुसरी थैली टाकली. दुसरीचेही लग्न झाले. आता देणारा कोण हे कळलेच पाहिजे म्हणून बाप रात्र रात्र जागू लागला. तिसरी थैली जमिनीवर पडल्याचा आवाज होताच तो धावत सुटला, अंधारात निकोलसला गाठले आणि त्याचे पाय धरले. निकोलसने त्याला उठवून शपथ घातली, की मी जिवंत आहे तोवर हे कोणाला सांगायचे नाही.

गोष्ट एवढीच आहे. खिडकी बंद होती म्हणून थैली धुराड्यातून टाकली, ती वाळत घातलेल्या पायमोज्यात पडली, ही भर पुढच्या लोकांची. पण याच भरीवर आजची सगळी चाल उभी आहे. नाताळच्या आदल्या रात्री मुले पायमोजा टांगतात तो यामुळे. त्या मोज्याच्या टोकाशी संत्रे ठेवतात, ते म्हणे सोन्याच्या गोळ्याची खूण. देणारा रात्री येतो, कोणी पाहू नये असा येतो, त्याचे कारणही हेच. युरोपात दागिने गहाण ठेवून घेणाऱ्या पेढ्यांवर तीन सोनेरी गोळे टांगलेले असत. ते निकोलसच्या तीन थैल्या आहेत असेही काही जण सांगतात, आणि गहाणवट करणाऱ्यांनी त्याला आपला संत मानला आहे. मुलींना गहाण पडू न देणाऱ्या माणसाला सावकारांनीच आपला करून घ्यावे, याला काय म्हणावे!

ही गोष्ट मी प्रथम वाचली तेव्हा मला नाताळ आठवला नाही, ताईचे लग्न आठवले. आमच्या घरी खिडकीतून काही पडले नाही. कापूस अजून झाडावरच होता, आणि पोराकडच्यांनी मोटारसायकल व एक तोळ्याची अंगठी अशी यादी दिली होती. बैठकीत सगळे हसतखेळत चालले होते. हुंडा हा शब्द कोणीच उच्चारला नाही. तुमच्या मुलीला द्यायचे ते तुम्ही द्यालच, एवढेच बोलणे झाले. दादांनी दीड एकर गहाण टाकले. त्या पैशांची फेड मी अकरावीत असेपर्यंत चालू होती. ताई गणितात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे होती. तिची शाळा दहावीला सुटली आणि आमच्या घरातून कॉलेजात पहिली मी आले, यामागे हुशारीपेक्षा आमच्या वयांतले अंतर जास्त आहे.

त्यामुळे निकोलसच्या गोष्टीला मी एकदम हात जोडू शकत नाही. त्याने तीन मुली सोडवल्या, पण हुंडा होता तिथेच राहिला. त्याच गावात चौथी मुलगी असेल, पाचवी असेल, त्यांच्या खिडकीशी कोण गेले? यावर कोणी म्हणेल की चौथ्या शतकातल्या माणसाकडून विसाव्या शतकातल्या कायद्याची अपेक्षा करणे बरोबर नाही. ते खरेच आहे. आपल्या देशात हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला आणि तरीही आमच्या ओसरीवर ती यादी आली. तेव्हा निकोलसला दोष देण्याआधी मी स्वतःकडे पाहिले पाहिजे, कारण त्या बैठकीत चहा मीच नेऊन दिला होता. पण एक गोष्ट मनापासून पटते. देताना घेणाऱ्याची मान खाली जाऊ नये याची त्याने काळजी घेतली. आपल्याकडे शाळेत वह्या वाटल्या तरी त्याचा फोटो निघतो.

आमच्या लेण्यांतल्या सतरा क्रमांकाच्या लेणीत विश्वंतर जातकाची चित्रे आहेत. विश्वंतर हा दानशूर राजपुत्र. त्याने पाऊस आणणारा हत्ती देऊन टाकला, त्यापायी वनवास आला. वाटेत घोडे दिले, रथ दिला, आणि अखेर जूजक नावाच्या ब्राह्मणाने मागितली म्हणून स्वतःची दोन मुलेही दिली. पुढे मुले परत मिळतात आणि सगळे गोड होते. ही चित्रे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातली, म्हणजे निकोलसनंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी काढलेली. दोन्ही कथा दानाच्याच. एकीत मुले दान म्हणून दिली जातात, दुसरीत दानामुळे मुली विकल्या जाण्यातून वाचतात. विश्वंतराची थोरवी मला समजते, पण त्या चित्रांपुढे उभी राहिले की माझे लक्ष मुलांकडेच जाते.

असो. निकोलसच्या चरित्राकडे वळू. ३०३ साली बादशहा डायोक्लेशियनने ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू केला. प्रार्थनामंदिरे पाडली, ग्रंथ जाळले, धर्मगुरूंना तुरुंगात टाकले. निकोलसही अनेक वर्षे कैदेत होता असे परंपरा सांगते. पुढे कॉन्स्टंटाइनच्या हाती सत्ता आली, ३१३ साली ख्रिस्ती लोकांना धर्मस्वातंत्र्य मिळाले आणि कैदी सुटले. ३२५ साली कॉन्स्टंटाइनने नायसिया येथे बिशपांची मोठी परिषद भरवली. ख्रिस्त आणि ईश्वर यांचे नाते काय, हा तिथला वाद. निकोलस तिथे होता असे मानतात, मात्र उपस्थितांच्या काही याद्यांत त्याचे नाव आहे आणि काहींत नाही. त्याने भर सभेत प्रतिपक्षाच्या माणसाच्या थोबाडीत मारली, ही गोष्ट तर हजार वर्षांनंतरची आहे. ती खरी असावी असे मला वाटत नाही, पण नाताळबाबाने कोणाला तरी थोबाडीत दिली ही कल्पना मजेची खरी.

दोन प्रसंग मात्र त्याच्या स्वभावाशी जुळणारे आहेत. मायरात दुष्काळ पडला होता. त्याच वेळी अलेक्झांड्रियाहून राजधानीकडे सरकारी धान्य घेऊन निघालेली गलबते बंदरात थांबली. निकोलसने प्रत्येक गलबतामागे थोडे धान्य मागितले. खलाशी घाबरले, माल मोजून घेतलेला, तूट आली तर शिक्षा. निकोलसने हमी घेतली. धान्य उतरवले गेले, गाव जगले, बियाण्यालाही उरले, आणि राजधानीत मोजले तेव्हा तूट भरली नाही अशी कथा आहे. सरकारी कोठाराची कुलपे आपल्या हिमतीवर उघडून दुष्काळात धान्य वाटणारे मंगळवेढ्याचे दामाजीपंत मराठी वाचकाला इथे आठवल्याशिवाय राहणार नाहीत. तिथे विठू महार येऊन हुंडी भरतो, इथे धान्य आपोआप भरून येते. भुकेल्यासाठी सरकारी नियम मोडणारा अधिकारी लोकांना सगळीकडेच हवा असतो, आणि तो शिक्षेतून सुटावा असेही वाटते.

दुसरा प्रसंग न्यायाचा. प्रांताच्या सुभेदाराने लाच खाऊन तीन निरपराध माणसांना मृत्युदंड दिला होता. मारेकऱ्याने तलवार उचललेली असताना निकोलस धावत पोहोचला, तलवार हिसकून घेतली आणि सुभेदाराकडून चूक कबूल करवली. हे पाहणारे तीन सेनाधिकारी पुढे स्वतःच खोट्या आरोपात अडकले, तेव्हा त्यांनी निकोलसचा धावा केला आणि तो बादशहाच्या स्वप्नात गेला. सर्वांत जुने लिखाण म्हणून वर ज्याचा उल्लेख केला ते याच सेनाधिकाऱ्यांविषयीचे आहे.

तीन मुली, तीन कैदी, तीन अधिकारी झाले, तशी तीन मुलांचीही कथा आहे. एका दुष्ट खाटकाने तीन मुलांना मारून खाऱ्या पाण्याच्या पिंपात घातले आणि निकोलसने त्यांना जिवंत केले. ही पश्चिम युरोपातली, बरीच उशिराची कथा. काही अभ्यासकांच्या मते ती चित्र चुकीचे वाचल्यामुळे जन्मली. चित्रात निकोलसजवळ तीन सोन्याचे गोळे किंवा कोठडीतून डोकावणारे तीन कैदी दाखवलेले असत. अडाणी पाहणाऱ्याला ती पिंपातली मुले वाटली. हे मला सहज पटते. लेण्यांत एकाच चित्राच्या तीन वाटाड्यांनी सांगितलेल्या तीन निरनिराळ्या गोष्टी मी ऐकल्या आहेत. पण या चुकीमुळेच निकोलस मुलांचा कैवारी ठरला.

३४३ च्या सुमारास, ६ डिसेंबरला, निकोलसने मायरात देह ठेवला. ६ डिसेंबर ही तारीख आपल्याला वेगळ्या कारणाने परिचित आहे. १९५६ साली याच दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा जन्मही ६ डिसेंबरचा, १८६१ सालचा. फुलामुलांचे कवी म्हणून ज्यांना आपण ओळखतो ते मुलांच्या संताच्या दिवशी जन्मावेत हा योगायोग आहे. आणि तो इथेच संपत नाही. मायराचा मुलूख सेल्जुक तुर्कांच्या ताब्यात गेल्यावर इटलीतील बारी या बंदराच्या खलाशांनी निकोलसची कबर फोडून अस्थी पळवल्या. त्या बारीला पोहोचल्या ९ मे १०८७ रोजी, आणि तो दिवस तिथे अजून उत्सवाचा आहे. टिळक वारले ती तारीख ९ मे १९१९. यातून काही सिद्ध होत नाही. तारखा समोर आल्या म्हणून नोंदवल्या.

अस्थी चोरीच्या, तरी बारीकरांनी त्यांच्यावर भव्य मंदिर उभारले. खलाशांमुळे निकोलसची कीर्ती बंदराबंदरांतून उत्तरेकडे गेली. हॉलंडमध्ये तो सिंटरक्लास झाला. तिथली मुले त्याच्या सणाच्या दिवसांत रात्री चुलीपाशी बूट ठेवतात आणि त्यात त्याच्या पांढऱ्या घोड्यासाठी गवत किंवा गाजर घालतात. घोड्याची आठवण ठेवणारी ही चाल मला फार आवडली. बैलपोळा करणाऱ्यांना ती सहज समजेल. त्याच्याबरोबर तोंडाला काळा रंग फासलेला नोकर असे. त्यावर अलीकडे बरेच आक्षेप घेतले गेले आणि अनेक गावांनी तो रंग बंद केला, हे चांगलेच झाले.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरच्या अनुयायांनी संतपूजेला विरोध केला, तेव्हा भेटी ६ डिसेंबरवरून नाताळवर सरकल्या. डच वसाहतवाल्यांची आठवण न्यूयॉर्कमध्ये राहिली होती; सिंटरक्लासचा सांताक्लॉज तिथेच झाला. १८२३ साली एका अमेरिकन वृत्तपत्रात निनावी छापलेल्या कवितेने त्याला आठ रेनडिअरांची गाडी दिली; ती कविता क्लेमंट मूर यांच्या नावावर आहे. १८६३ पासून टॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने त्याला पोट आणि दाढी दिली, पुढे उत्तर ध्रुवावर घर दिले. १९३१ पासून कोकाकोलाच्या जाहिरातींसाठी हॅडन सुंडब्लॉम यांनी त्याला रंगवले आणि तो चेहरा जगभर पक्का झाला. लाल रंग मात्र त्या कंपनीने शोधलेला नाही, तो आधीपासून होता. अशा रीतीने समुद्राकाठचा ग्रीक बिशप आमच्या टी पॉइंटवरच्या टोपीत येऊन पोहोचला.

मराठी मुलखात नाताळ आला तो याच्या कितीतरी आधी, आणि या टोपीशिवाय. नाताळ हा शब्दच पोर्तुगीज नाताल वरून आला. वसई पोर्तुगीजांकडे गेली १५३४ साली आणि चिमाजीअप्पांनी ती घेतली १७३९ साली. मधल्या दोनशे वर्षांत तिथला सण तिथल्या मातीचा झाला. गोव्यात फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने १६१६ साली क्रिस्तपुराण छापून येशूजन्माची कथा मराठी ओव्यांत आणली. या भागांत मुले गवत, माती, दगड जमवून गोठा मांडतात. आपली दिवाळीतली किल्ल्याची मांडामांड आणि ही, दोन्हींत चिखल सारखाच. गोठा मांडायची कल्पना असिसीच्या संत फ्रान्सिसची, १२२३ सालची. गोव्यात नाताळला नेवऱ्या, दोदोल, कुलकुल करून शेजारीपाजारी ताटे पाठवतात. नेवरी म्हणजे आपली करंजीच. वरून थैली टाकणारा कोणी नाही. या घरातून त्या घरात ताट जाते आणि ते रिकामे परत येत नाही.

१९५० च्या दशकात बारीच्या मंदिराची दुरुस्ती निघाली तेव्हा अस्थी बाहेर काढून त्यांची मोजमापे घेतली गेली. त्या मापांवरून पुढे शास्त्रज्ञांनी चेहऱ्याचा अंदाज बांधला. मध्यम उंचीचा, म्हातारा, नाकाचे हाड मोडून वाकडे बसलेला असा तो माणूस आहे. नाक तुरुंगात मोडले असेल, असे काही जण म्हणतात.

हा लेख लिहून झाल्यावर मी तीन मुलींची गोष्ट घरी आईला वाचून दाखवली. नाताळबाबा, घोडा, रेनडिअर यांत तिला काही रस वाटला नाही. तिने एवढेच विचारले, की त्या पोरी पुढे नीट नांदल्या का, आणि त्यांची नावे काय होती. मी पुन्हा पुस्तके उघडून पाहिली. बापाच्या बोलण्याचे, त्याच्या पश्चात्तापाचे वर्णन सविस्तर आहे. थोरलीचे लग्न झाले, मग दुसरीचे झाले, तिसरीचे झाले, इतके लिहिले आहे. नावे कोणी लिहून ठेवलेली नाहीत.